वाट पाहणारा नवरा

ख्रिस्ती संसार का मोडू लागले, या प्रश्नाचे एक सोपे उत्तर सध्या व्याख्यानांतून आणि छापील पत्रकांतून पुन्हा पुन्हा दिले जात आहे. बायकांचा विश्वास उणा पडला, हे ते उत्तर. पूर्वीची ख्रिस्ती स्त्री प्रार्थना करी, सोशी, गप्प राही, म्हणून घर टिके. आताची शिकली, मिळवती झाली, 2001 साली घटस्फोटाच्या कायद्याने तिला दार उघडून दिले आणि ती बाहेर पडली. तेव्हा तिने पुन्हा गुडघे टेकावेत, सगळे ठीक होईल. या मांडणीला आधार म्हणून हटकून लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतले जाते. नवरा ख्रिस्ती झाला, बाईंनी पाच वर्षे मुकाट्याने दुःख गिळले आणि अखेर पतीच्या पावलावर पाऊल टाकून बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती पत्नीचा धीर असा असतो, असे सांगतात. यातले एकही विधान धड उभे राहत नाही, आणि लक्ष्मीबाईंविषयीचे तर अजिबात नाही.

10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या आपल्या माणसांत राहिल्या. त्या काळात त्या रडल्या, संतापल्या, खंगल्या. पण मुक्या मात्र कधीच नव्हत्या. ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या बाईला मुकी ठरवायचे तर ते पुस्तक न उघडताच ठरवावे लागेल. टिळकांचा तापट स्वभाव, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होण्याची त्यांची सवय, संसारातली भांडणे, यातले काहीही त्यांनी झाकले नाही. नवऱ्यावर जीवापाड प्रेम असूनही त्याचे दोष लख्ख दिसणारी ही बाई आहे, आणि तिला दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिता येतात. पुढे त्या तेव्हाच्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या त्याही आपले सोवळे बरोबर घेऊन. चूल निराळी, पाणी निराळे. एका घरात ख्रिस्ती नवरा आणि त्याच्या हातचे पाणी न पिणारी बायको! हे सोवळे सुटले ते पतीच्या आज्ञेने सुटले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न बाईंनी स्वतःच्या मनाशी घोळवला, जात माणसाचीच करणी आहे असा निवाडा केला आणि मगच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या निवाड्याच्या पुढचा टप्पा होता. ज्या विश्वासाला त्या स्वतःच्या डोक्याने पोचल्या, त्याला पतीच्या पावलावर टाकलेले पाऊल म्हणणे हा त्यांच्या विश्वासाचा अपमान आहे.

आणि या गोष्टीतला दुसरा माणूस कुठे गेला? धर्मांतर केल्यामुळे ज्याला पतीने वा पत्नीने टाकले असेल, त्याने न्यायालयात जाऊन ते लग्न संपवावे आणि दुसरे करावे, अशी सोय 1866 च्या कायद्याने करून ठेवलेली होती. तिशीतल्या, नव्या समाजात नाव कमावणाऱ्या कवीला ती वाट मोकळी होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. बायको आपला धर्म पाळत राहिली तरी ती आपली बायकोच आहे, हे त्यांनी धरून ठेवले. ती आली तेव्हा तिच्या निराळ्या चुलीसकट तिला घरात जागा दिली. करिंथच्या मंडळीला पौलाने हेच सांगितले होते: विश्वास न ठेवणारी पत्नी नांदायला राजी असेल तर विश्वासी पतीने तिला सोडू नये. म्हणजे टिळकांच्या संसारात चिकाटीचा धडा शोधायचाच असेल, तर तो निम्मा तरी नवऱ्याच्या वाट पाहण्यात आहे. पण ज्यांना फक्त बायकांसाठी धडा हवा असतो, त्यांच्या व्याख्यानात टिळक एका वाक्यापुरते येतात आणि जातात.

बायबलचेही हेच झाले आहे. मलाखी संदेष्टा विश्वासघाताचा आरोप ठेवतो तो तरुणपणीच्या पत्नीला दगा देणाऱ्या पुरुषांवर. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परूशी विचारतात, तेही पुरुषाने बायकोला टाकावे का, असेच. मोशेने परवानगी दिली ती तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे, हे प्रभूचे उत्तर ऐकून शिष्य इतके हबकतात, की असे असेल तर लग्न न केलेलेच बरे, असे म्हणून जातात. विवाहबंधन न तोडण्याची आज्ञा पहिल्यांदा ज्यांनी ऐकली, त्या पुरुषांना तिचा भार आपल्या खांद्यावर आल्याचे तिथल्या तिथे कळले होते. दोन हजार वर्षांत तो खांदा बदलला कसा, याचे उत्तर ती व्याख्याने देत नाहीत.

राहता राहिला 2001 चा कायदा. त्याआधी संसार विश्वासावर टिकले म्हणता, तर त्याआधीचा कायदा काय होता तेही सांगा. 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. पत्नीला मात्र पतीचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर तर घटस्फोट नव्हताच. सगळे सिद्ध करून जिल्हा न्यायाधीशाने निकाल दिला, तरी उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब करेपर्यंत तो पक्का होत नसे. ज्या इंग्लंडकडून आपण हा भेद उचलला, त्या इंग्लंडने तो 1923 साली टाकून दिला. आपल्याकडे केरळच्या उच्च न्यायालयाला 1995 साली आणि मुंबईच्या पूर्णपीठाला 1997 साली त्यावर बोट ठेवावे लागले, तेव्हा संसद हलली. बाहेरून कडी लावलेल्या घरात किती माणसे विश्वासाने राहिली आणि किती नाइलाजाने, हे कसे मोजणार? बायका शिकल्या की संसार मोडतात, हा रडगाण्याचा सूरही जुनाच आहे. पहिली मुलींची शाळा निघाली तेव्हाही तो ऐकू आला होता, त्याला नव्याने उत्तर देण्याची गरज नाही.

दार उघडे ठेवले तर लग्नाचे पावित्र्य जाईल, असा आक्षेप येतो. विवाहबंधन अतूट मानणारी कॅथलिक परंपराही तसे म्हणत नाही. तिच्या 1983 च्या धर्मसंहितेनुसार जोडीदार शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका निर्माण करत असेल, तर बंधन कायम राहूनही वेगळे राहता येते.

मग विश्वासाने टिकवलेला संसार म्हणजे काय? माझ्या मते वेदीपुढे दोघांनी घेतलेली शपथ दोघांनीही पाळणे, आणि एकाने मोडली तर मंडळीने तिचा जाब मोडणाऱ्याला विचारणे. अशी लग्ने असतात, आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. 1919 साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते. ज्या बाईने एके काळी त्यांच्या हातचे पाणी नाकारले होते, तिने ते महाकाव्य पुढे नेऊन पुरे केले. ही निष्ठा धाकाने येत नाही, नवऱ्यानेही आपल्यासाठी काही सोसले आहे हे ठाऊक असलेल्या माणसाकडून येते. म्हणून मार खाऊन पाळकाच्या दारात आलेल्या बाईला ‘प्रार्थना कर’ एवढेच सांगून परत धाडणे थांबले पाहिजे. पाळकाने त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्याचे घर गाठावे आणि पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय त्याच्यापुढे ठेवावा. पत्नीला मान देऊन वागा, नाहीतर तुमच्याच प्रार्थनांना अडथळा येईल, ही ताकीद तिथे पतींना दिलेली आहे. आणि तो बधला नाही, तर त्या बाईला रात्री निजायला जागा मंडळीने द्यावी.