‘छोटा भारत’ म्हणणे थांबवा

मॉरिशसला जाऊन आलेले पुढारी, सहल कंपन्यांच्या जाहिराती आणि आपली प्रवासवर्णने या देशाला एकाच नावाने ओळखतात: ‘छोटा भारत’. नावामागे आपुलकी आहे, हे मान्यच. पण आपुलकीपोटी केलेली चूकही चूकच, आणि या चुकीखाली एका स्वतंत्र देशाचा बराचसा इतिहास गाडला जातो.

असे म्हणणाऱ्यांचा आधार लोकसंख्येचा. सुमारे दोनतृतीयांश लोक भारतीय वंशाचे, 1834 पासून उसाच्या मळ्यांवर उतरलेले सुमारे साडेचार लाख गिरमिटिये म्हणजे करारबद्ध मजूर, गंगा तलावावरची महाशिवरात्र, गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी. यातले काहीच खोटे नाही. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

या बेटावर ‘मूळचे’ असे कोणीच नव्हते. डच 1598 मध्ये उतरले तेव्हा तिथे माणसांची वस्ती नव्हती. 1710 मध्ये ते कायमचे निघून गेले, तोवर डोडो पक्षी संपला होता. पुढे फ्रेंच आले आणि मळे, रस्ते, बंदर उभे राहिले ते प्रामुख्याने मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर. फ्रेंचांनंतर बेटाचा ताबा घेतलेल्या इंग्रजांनी 1835 मध्ये गुलामगिरी रद्द केली, तेव्हा मालकांना सुमारे 20 लाख पौंड भरपाई मिळाली. गुलामांच्या हाती काय आले? एक छदामही नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी काही वर्षे त्याच मालकाची चाकरी. ती संपताच त्यांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि मालकांनी भारतातून मजूर मागवणे वाढवले. आफ्रिकेची ही कथा वगळली, तर गिरमिटिये तिथे का नेले गेले हेच कळत नाही.

भारतीयांची कथाही समजतात तेवढी सरळ नाही. फ्रेंचांच्या काळात पाँडिचेरीकडून कारागीर गेले, तसे भारतातून गुलामही नेले गेले. त्यानंतर, 1815 पासून, बंगाल आणि मुंबई इलाख्यांतले काळ्या पाण्याचे कैदी तिथे रस्ते बांधू लागले. चार्ल्स डार्विनने 1836 मध्ये त्यांना पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार रूपाची नोंद केली. म्हणजे गिरमिटियांच्या आधीच मुंबई बंदरातून माणसे तिथे पोचली होती, तीही बेड्या घालून. आपल्या अभिमानाच्या भाषणांत या लोकांना जागा का नसावी?

आज घराघरांत बोलली जाते ती क्रिओल. फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली, गुलामांच्या तोंडी घडलेली भाषा. संसदेचे कामकाज इंग्रजीत चालते, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये निघतात. राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यावर मिळणारी ‘ढोल पुरी’ पाहा. नाव पुरी, पण भाजतात तव्यावर. आत शिजवून वाटलेली डाळ, जणू गूळ न घातलेली पुरणपोळी. दोन पुऱ्या एकत्र, आत मोठ्या घेवड्याची रसभाजी, टोमॅटोची ‘रुगाय’ आणि मिरचीची चटणी, वर कागदाची गुंडाळी. भोजपुरी स्वयंपाकघरातून निघालेला हा पदार्थ आज क्रिओल लोक, चिनी, मुसलमान सगळेच आपला म्हणून खातात. याला भारताची छोटी प्रत म्हणणे म्हणजे तिथल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या जे घडवले ते नाकारणे.

तिथला मराठी समाजही हेच दाखवतो. रत्नागिरी-साताऱ्याकडून गेलेल्यांच्या वंशजांनी गणपती जपला, शाळांत मराठीचे वर्ग टिकवले, कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी झाकरी नाचती ठेवली. ती माणसे घरात क्रिओल बोलतात म्हणून कमी मराठी ठरत नाहीत, आणि गणपती बसवतात म्हणून कमी मॉरिशियनही नाहीत.

राजकारणातही हेच दिसते. चागोस बेटांचा प्रश्न घ्या. स्वातंत्र्याआधी, 1965 मध्ये, ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ व्हावा म्हणून पुढच्या काही वर्षांत तिथल्या सर्व रहिवाशांना हुसकावले. ते बहुतांशी आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांचे वंशज. त्यांच्या बेटांसाठी पोर्ट लुईच्या सरकारांनी अनेक वर्षे लढा दिला आणि 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सल्लागार अभिप्राय आपल्या बाजूने मिळवला. त्या सरकारांचे बहुतेक पंतप्रधान भारतीय वंशाचे होते. न्यायालयात ते उभे राहिले मॉरिशस म्हणून.