निवड की निरुपाय?

शहरात कोणी कोणत्या वाहनाने जावे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा व ऐपतीचा प्रश्न आहे, असे वरकरणी वाटते. हे मत आम्हांस मान्य नाही. जे उपलब्ध असते त्यातूनच माणूस निवड करतो. आणि ते उपलब्ध करून देणे नगराच्या कारभाऱ्यांच्या हाती असते. मुंबईचाच दाखला घ्या.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईची पहिली बस धावली. १९४७ मध्ये बेस्ट उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला. ३१ मार्च १९६४ रोजी ट्रामने निरोप घेतला, तरी बस धावतच राहिली. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाचावर येताच उतारू बसकडे परतले. लोकांना बस नकोच आहे, या आक्षेपाला याहून चोख उत्तर कोणते?

परंतु उतारू वाढले तशा गाड्या वाढावयास हव्या होत्या, त्या वाढल्या नाहीत. स्वमालकीचा ताफा आटत गेला आणि सारी भिस्त कंत्राटदारांच्या गाड्यांवर येऊन पडली. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे दुप्पट, म्हणजे दहा रुपये झाले. थांब्यावर तिष्ठून कंटाळलेला कारकून अखेर हप्त्याने स्कूटर घेतो, आणि त्याला आपण 'निवड' म्हणतो! ही निवड नव्हे, निरुपाय आहे.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याच्या वाटणीत वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी व्हावा, हे तत्त्व मान्य केले. तरीही हजारो कोटी रुपये खर्चून बांधलेला आणि मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी किनारा मार्ग मुख्यत्वे मोटारवाल्यांच्याच उपयोगी पडतो. दुचाकीला तर तेथे मज्जावच आहे. मेट्रोचे आम्ही स्वागतच करतो; पण घरापासून स्थानकापर्यंत नेणारी बस नसेल, तर मेट्रोचा लाभ अर्धाच राहील.

बस तोट्यात चालते, असे सांगितले जाते. रस्त्यावरील दिव्यांनी आणि उद्यानांनी किती नफा मिळविला, हे मात्र कोणी विचारीत नाही. दोष केवळ कारभाऱ्यांचा नाही. सुशिक्षित मध्यमवर्गाच्या दारात मोटार आली आणि बसविषयी बोलणारा आवाज क्षीण झाला. पुरेशा गाड्या, त्यांच्यासाठी राखीव मार्गिका आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात हक्काची तरतूद, या तीन मागण्या याच वर्गाने आता लावून धराव्यात. बस वेळेवर येऊ लागली, की मुंबईकर काय निवडतो ते पाहावे. तोवर त्याच्या आवडीनिवडीला बोल लावण्याचा अधिकार कोणासही नाही.