मैदान भाड्याने, सुट्टी विकाऊ

एप्रिल उजाडला की लहान शहरांतही ‘समर कॅम्प’चे फलक झळकू लागतात. ज्यांना शुल्क परवडते, त्यांची मुले तेथे जातात. वस्तीतल्या मुलाने सुट्टी कोठे घालवायची? पालिकेचे मैदान तर नेमके याच दिवसांत आनंदमेळ्याला भाड्याने दिलेले असते!

१९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, क्रीडांगणे आणि सांस्कृतिक संवर्धन हे नागरी संस्थांचे विषय म्हणून नमूद आहेत. क्रीडांगण ही नागरिकांची सोय आहे, पालिकेच्या उत्पन्नाचे साधन नव्हे, याचा सोयीस्कर विसर पडलेला दिसतो.

महाराष्ट्राची परंपरा निराळी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत हनुमान आखाडा उभारला. त्यातूनच घडलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. तेव्हा सरकार परके होते. समाज मात्र जागा होता.

आज सरकार आपले आहे. म्हणूनच मे महिन्यात मैदान मोकळे ठेवा, अशी मागणी पालिकेकडे ठामपणे केली पाहिजे. परंतु मागणी करून कर्तव्य संपत नाही. लंगडी, खो-खो, सूर्यनमस्कार यांना भांडवल लागत नाही. लागतो तो कोणा जाणत्याचा रोजचा एक तास. आपली मुले सशुल्क शिबिरात धाडून सामाजिक समरसतेवर बोलणाऱ्यांनी तो तास आधी द्यावा. मैदान मोकळे झाले आणि तेथे कोणी फिरकलेच नाही, तर दोष पालिकेला देता येणार नाही.