रजेच्या अर्जावरचा ‘व्हायरल ताप’

डिसेंबर २०२४ मध्ये ‘येस मॅडम’ या घरपोच सलूनसेवा देणाऱ्या कंपनीचा एक ई-मेल समाजमाध्यमांवर फिरला. कामाचा ताण जाणवतो का, असं कंपनीनं कर्मचाऱ्यांना विचारलं होतं आणि ज्यांनी ‘हो, खूप’ असं कळवलं त्यांना नारळ देण्यात येत आहे, असा त्याचा मजकूर. देशभर संताप उसळला. मग कंपनीनं खुलासा केला, की कुणालाच काढलेलं नाही, विषयाकडे लक्ष वेधण्यासाठी ही मोहीम होती. प्रकार बाष्कळ होता. पण हजारो नोकरदारांना तो मजकूर वाचताक्षणी खरा वाटला, कारण खरं बोललं तर नोकरी जाते हे गृहीत धरूनच ते रोज कामावर जातात.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वीसपैकी एका प्रौढ भारतीयाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्यानं गाठलेलं असतं. म्हणजे दोनशे माणसांच्या कार्यालयात साधारण दहा जण. पण एचआरच्या दफ्तरात शोधलं तर एकही सापडायचा नाही. ते सगळे ‘व्हायरल ताप’, ‘पाठदुखी’, ‘गावी अर्जंट काम’ या कारणांखाली दडलेले असतात. रजेच्या अर्जाला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या लेटरहेडवर नावाखाली पदवी छापलेली असते. मजकूर काहीही असो, ती पदवीच सगळं सांगून टाकते. म्हणून माणूस औषध एका डॉक्टरकडून घेतो आणि प्रमाणपत्र गल्लीतल्या दुसऱ्या डॉक्टरकडून. ‘सर, पोटाचं काहीतरी लिहा ना’ ही विनंती त्या दुसऱ्या डॉक्टरला नवी नसते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडचा सलामीवीर मार्कस ट्रेस्कॉथिक फेब्रुवारी २००६ मध्ये भारताचा दौरा अर्धवट सोडून मायदेशी परतला. सुरुवातीला ‘कौटुंबिक कारण’ सांगितलं गेलं, नंतर दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत विषाणूवर खापर फुटलं. नैराश्याची सगळी हकीकत त्यानं आत्मचरित्रात सांगितली, ती २००८ मध्ये. २०१९ मध्ये ग्लेन मॅक्सवेलनं मात्र मानसिक आरोग्यासाठी विश्रांती घेतोय असं थेट जाहीर केलं आणि ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थापनानं त्याला ती दिली. त्यावर इंदूरच्या पत्रकार परिषदेत विराट कोहलीनं सांगितलं, की २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात आपलीही अवस्था वाईट होती, पण काय बोलावं, कुणाशी बोलावं हे कळत नव्हतं. कोहलीसारख्याची ही गत, तर हिंजवडीतल्या टीम लीडरनं कुणाकडे पाहायचं?

खोट्या कारणाची किंमत पहिल्यांदा उपचारांना मोजावी लागते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. तापाची रजा चार दिवसांची. पाचव्या दिवशी माणूस जागेवर हजर होतो, एकच मेल तीनदा वाचतो तरी डोक्यात काही शिरत नाही, आणि शेजारचा विचारतो, ‘काय, उतरला का ताप?’ मग चुका होतात, उशीर होतो. वर्षअखेरीच्या मूल्यांकनात त्याच्या नावापुढे ‘अॅटिट्यूड’ हा शब्द येतो. आजार कागदावर कुठेच नाही, त्याची लक्षणं मात्र शिस्तभंग म्हणून नोंदली गेली.

शिवाय कायद्याचं जे काही छत्र आहे, ते खरं सांगणाऱ्यालाच मिळतं. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याला नोकरीत असताना ओसीडी (मंत्रचळ) आणि नैराश्य जडलं. पुढे गैरवर्तनाबद्दल विभागीय चौकश्या लागल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १७ डिसेंबर २०२१ च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं पहिल्या चौकशीची कारवाई रद्द केली. मानसिक अपंगत्व हे चौकशीमागचं एक कारण होतं, इतकं दाखवता आलं तरी भेदभाव ठरवायला पुरेसं आहे, असं न्यायालयानं म्हटलं. सध्याचं काम जमत नसेल तर वेतन आणि सेवाशर्ती राखून दुसरं काम द्या, आणि त्या कामात शस्त्र हाताळावं लागणार नाही याची काळजी दल घेऊ शकेल, अशी मुभाही दिली. ‘अशा माणसाच्या हाती बंदूक कशी द्यायची?’ हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर बडतर्फी नव्हे, हे या निकालात आलं.

पण निकाल वाचून कुणी तोंड उघडत नाही. कार्यालयातली हवा ठरते ती जेवणाच्या सुट्टीत. मुंबईकडे ‘याला ठाण्याला पाठवा’, पुण्याकडे ‘येरवड्याला सोडून या’ अशी मनोरुग्णालयांवरून थट्टा, आणि डब्याभोवती हशा. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी असलेली बाईही त्या हशात सामील होते. ‘तुला काय कमी आहे गं?’, ‘टेन्शन कुणाला नाही?’, ‘सकाळी उठून फिरायला जात जा’ हे सल्ले तिनं घरी ऐकलेलेच असतात. त्यात १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, कंपनी वेबिनार ठेवते. हजेरी सक्तीची, कॅमेरा सुरू, आणि त्या तासाचं काम रात्री बसून भरून काढायचं.

साहेब दुष्टच असतात असंही नाही. उलट भल्या साहेबाचा घाव खोलवर जातो. ‘तुझ्यावर ताण नको’ म्हणून तो महत्त्वाचा क्लायंट काढून घेतो, बैठकीला बोलवत नाही, बढतीच्या यादीतून नाव हळूच वगळतो. विचारत मात्र काहीच नाही. वास्तविक ‘सध्या काय जमेल?’ एवढाच प्रश्न पुरतो. सकाळच्या गोळ्यांनी सुस्ती येत असेल तर अकराला ये. डेडलाइनचं काम महिनाभर नको, पण क्लायंट तुझाच. त्यासाठी आजाराचं नाव कळायची गरजच नाही. ‘अमुक दिवस कामास असमर्थ’ किंवा ‘कामास योग्य’ एवढंच प्रमाणपत्रात असावं आणि ते थेट कंपनीच्या डॉक्टरकडे जावं, साहेबाच्या टेबलावर नव्हे. ही साधी सुधारणा आधी करावी, वेबिनार नंतर.

यावर मालक मंडळी म्हणतात, धंदा चालवायचा की दवाखाना? हिशेबच मांडायचा तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकारांपायी जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. नॉर्वेचे पंतप्रधान शेल मॅग्ने बॉन्डेविक यांनी १९९८ मध्ये नैराश्य आल्याचं जाहीर करून सुमारे तीन आठवड्यांची रजा घेतली. देश चालत राहिला, ते परतले आणि २००१ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. एखाद्या शाखेच्या लेखापालाशिवाय तीन आठवडे निभवायला हरकत नसावी.

खरी अडचण एचआर, मेल, वेबिनार यांतलं काहीच नसलेल्यांची आहे. चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार नैराश्यानं अंथरुणातून उठू शकला नाही, तर हजेरीपटावर त्याचा ‘खाडा’ पडतो आणि चार खाड्यांनंतर नाव कटतं. गंमत अशी, की कागदोपत्री संरक्षण याच माणसाला जास्त होतं. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्यानं आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला काढून टाकायला मनाई केली. दीर्घ आजारांच्या यादीत ईएसआयनं नैराश्याच्या एका प्रकाराचाही समावेश केला. अशा कामगाराला अटी पुऱ्या केल्यास वेतनाच्या ८० टक्के रक्कम, कमाल दोन वर्षांपर्यंत, मिळण्याची सोय आहे. ही गोष्ट कामगाराला ठाऊक नसते आणि ठेकेदार सांगत नाही. अनेकदा वर्गणीच भरलेली नसते. ती भरली जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर आहे. तेव्हा कंपन्यांनी आपल्या ठेकेदारांच्या चलनांची तपासणी याच महिन्यात करावी, आणि १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक गेटवरच्या फलकावर मराठीत आणि हिंदीत लिहावा.