आठवडाभराचं शिबिर आणि नंतरचे गुरुवार



मागच्या वेळी उन्हाळ्याच्या सुट्टीवर लिहिलं, त्यावर इंदूरहून एका वाचक मुलीचं पत्र आलं. शाळेत विज्ञान शिकवते, नोकरीला तीन वर्षं झाली. परदेशात तरुण मुलींसाठी उन्हाळ्यात नेतृत्व शिबिरं भरतात, तिथे शिकवायला स्वयंसेवक शिक्षिका लागतात, असं तिच्या कानावर आलंय. तिला जायचंय. आई म्हणते, "इथल्या मुलींना शिकवून झालं का तुझं?" आणि पत्राच्या शेवटी तिने मला पंच नेमलंय.

मायलेकींच्या मध्ये पडायची माझी हौस केव्हाच संपली. पण या शिबिरांबद्दल मला थोडं जवळून माहीत आहे. माझ्या मावसबहिणीची मुलगी न्यू जर्सीत वाढली, शिक्षिका झाली आणि २०१८ च्या सप्टेंबरात बाल्कनमधल्या मॅसेडोनियात शिकवायला गेली. (ती गेली तेव्हा देशाचं नाव मॅसेडोनिया होतं, २०१९ च्या फेब्रुवारीत ते उत्तर मॅसेडोनिया झालं. आमच्या बेळगावकरांना गावाचं नाव बदलण्याचं काय कौतुक! पण तिथे सगळ्या देशाचंच बदललं.) तिच्या रविवारच्या फोनवर आमचं घर दीड वर्ष जगलं.

ती गेली ती 'पीस कोअर'मधून. अमेरिकन सरकारची ही स्वयंसेवकांची संस्था केनेडींनी १९६१ मध्ये सुरू केली. तिचे लोक १९७६ पर्यंत भारतातही होते. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, याच संस्थेतून आपल्याकडे आल्या आणि विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत परिचारिका म्हणून राबल्या. तेव्हा मुलगा अध्यक्ष वगैरे काही नव्हता. इंदूरच्या मुलीला आधीच सांगून ठेवते, पीस कोअरमध्ये फक्त अमेरिकन नागरिकांना घेतात, त्यामुळे ते दार तुला बंद आहे. तरी पुढचं वाच.

आपण ज्या प्रकारच्या शिबिराबद्दल बोलतोय, त्याची सुरुवात १९९५ मध्ये रोमानियात झाली. तीन अमेरिकन स्वयंसेवक आणि तीन रोमानियन शिक्षक यांनी मिळून देशभरातल्या ८० मुलींना एक आठवडा एकत्र आणलं. नाव ठेवलं 'कॅम्प ग्लो', म्हणजे 'गर्ल्स लीडिंग अवर वर्ल्ड'. चाउशेस्कूची राजवट कोसळून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. या मुलींचं बालपण अशा देशात गेलं होतं, जिथे मनातलं बोलणं मोठ्यांनाच परवडत नव्हतं. त्यांना 'तुला काय वाटतं?' असं विचारणं हीच मोठी गोष्ट होती. पुढे हे शिबिर पूर्व युरोपातून आफ्रिकेत, आशियात, लॅटिन अमेरिकेत पसरलं. काही देशांत मुलग्यांसाठीही तशी शिबिरं निघाली, आणि ते बरंच झालं. मुली आठवडाभर काही शिकून आल्या आणि घरातला भाऊ होता तिथेच राहिला, तर त्या शिकण्याचं करायचं काय?

मला मात्र त्या रोमानियातल्या आकड्यांत वेगळंच काही दिसतं. तीन आणि तीन. निम्मे बाहेरचे, निम्मे तिथले.

आधी त्या 'नेतृत्व' शब्दाचं बघू. आपल्याकडे नेतृत्व म्हटलं की चौकातला फ्लेक्स डोळ्यांसमोर येतो, वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट. भाचीच्या शिबिरात त्याचा अर्थ फार घरगुती होता. सभा वेळेत सुरू करून वेळेत संपवणं. दोघी भांडत असतील तर दोघींचं ऐकून घेणं. गावात एखादं छोटं काम करायचं ठरवलं तर त्याचा खर्च कागदावर मांडणं. नको असलेल्या गोष्टीला नाही म्हणणं, आणि हवी असलेली तोंडाने मागणं. सकाळी अशी सत्रं, दुपारी खेळ, चित्रं, आरोग्याच्या गप्पा, रात्री शेकोटी आणि नाचगाणी. वेळापत्रक ऐकून माझी मोठी बहीण म्हणाली, "अगं, हे तर आपलं सेवा दलाचं शिबिर!" ते काही खोटं नाही.

पण तिथली एक गोष्ट ऐकून मी खुर्चीत सावरून बसले.

मॅसेडोनियात बहुसंख्य लोक मॅसेडोनियन बोलणारे, आणि मोठा समाज अल्बेनियन बोलणारा. त्यांच्याशिवाय तुर्की आणि रोमा लोकही आहेत. २००१ मध्ये अल्बेनियन बंडखोर आणि सरकारी फौजा यांच्यात काही महिने सशस्त्र संघर्ष झाला. त्याच ऑगस्टमध्ये ओह्रिदचा करार होऊन तो थांबला. करार झाला, पण शाळा वेगळ्याच राहिल्या. कित्येक गावांत एकाच इमारतीत सकाळच्या पाळीला एका भाषेची मुलं आणि दुपारच्या पाळीला दुसऱ्या भाषेची. एकीची लिपी सिरिलिक, दुसरीची रोमन. बाक तोच, खडू तोच, पण त्या बाकावर दुपारी कोण बसतं ते सकाळच्या मुलीला ठाऊक नाही.

बेळगावात राहणाऱ्या माणसाला याहून जास्त काही समजावून सांगावं लागत नाही. एका आवारात कन्नड माध्यम आणि मराठी माध्यम, मध्ये एक नळ, आणि मधल्या सुट्टीत नळाच्या दोन बाजूंना दोन रांगा, हे मी स्वतः पाहिलंय.

शिबिरात भाचीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ठरवून खोल्या मिसळल्या. छातीवरच्या नावाच्या चिठ्ठ्या दोन्ही लिप्यांत लिहिल्या. पहिले दोन दिवस जेवणाच्या टेबलावर मुली आपोआप दोन घोळक्यांत बसायच्या. कुणी त्यांना उठवलं नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, सगळ्यांचे वाळत घातलेले कपडे गच्चीवर, आणि एकच धावपळ. खाली आणलेल्या ढिगातून कुणाचं काय हे शोधताना पहिल्यांदा सगळ्या एकमेकींशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलल्या. भाचीच्या मते तिच्या आखलेल्या सत्रांपैकी एकानेही इतकं काम केलं नसतं. मला ते पूर्ण पटत नाही. सत्रं नसती तर पाऊस नुसताच पडून गेला असता.

आता खरी गोष्ट. भाचीच्या गावातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला घरून परवानगी मिळेना. आठ दिवस, परक्या ठिकाणी, परक्या भाषेच्या मुलींबरोबर, छे! भाची दोनदा त्यांच्या घरी गेली, कॉफी प्यायली, वडील हसले, आणि उत्तर तेच. मग तिच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई गेल्या. पन्नाशीच्या, त्याच गावच्या, मुलीच्या आईलाही त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी शिबिराची माहिती दिली नाही की नेतृत्वाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मी बरोबर जातेय. रोज रात्री नऊला हिच्याकडून फोन करवीन." वडिलांनी लगेच होकार दिला.

भाचीला वाईट वाटलं. मला फोनवर म्हणाली, "मावशी, मी वर्षभर त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलतेय, तरी माझ्यावर विश्वास नाही." मी म्हटलं, अगं, विश्वास आहे गं. पण तू जाणार आहेस, बाई राहणार आहेत, हे त्या माणसाला कळतं. पोरीच्या बापाला एवढं कळलंच पाहिजे.

भाचीसुद्धा तिथे शिबिरासाठी म्हणून गेली नव्हती, हे ध्यानात घ्या. पीस कोअरचा करार साधारण सत्तावीस महिन्यांचा असतो. त्यातले पहिले तीन महिने भाषा आणि रीतभात शिकण्यात जातात, तेही स्थानिक कुटुंबात राहून. पुढची दोन वर्षं गावातल्या शाळेत काम. म्हणजे शिबिराच्या आठवड्याआधी तिचे जवळजवळ दहा महिने त्या गावात गेले होते. दुकानदाराला तिचं नाव माहीत होतं. तरीसुद्धा परवानगी बाईंनीच मिळवली.

आपल्याकडचं उदाहरण फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांचं. अमेरिकेतून आल्या, फलटणच्या मराठीवर पीएचडी केली, इथल्या नागरिक झाल्या, प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि गावाच्या मॅक्सीन मावशी झाल्या. एका उन्हाळ्यात कुणी मावशी होत नाही.

शिबिरानंतर शाळेत मुलींचा एक गट सुरू झाला. दर गुरुवारी, शाळा सुटल्यावर, वरच्या मजल्यावरच्या वर्गात. दहा-बारा जणी. सकाळच्या पाळीच्या मुली घरी जाऊन परत यायच्या, दुपारच्या पाळीच्या थांबायच्या. पहिलं काम काय केलं, तर मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी बसवून घेतली. त्यासाठी अर्ज लिहिला, दोन भाषांत, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या. शिबिरात काढलेल्या दोनशे फोटोंपेक्षा मला ही कडी मोठी वाटते. ज्या बायकांनी कडी नसलेल्या शाळेत वर्षं काढलीत, त्यांना विचारा.

मग २०२० चा मार्च आला. महामारी पसरत होती आणि १५ मार्चला पीस कोअरने जगभरातल्या आपल्या सगळ्या स्वयंसेवकांना परत बोलावलं. साठाहून जास्त देशांतले सुमारे सात हजार जण. १९६१ पासून असं कधीच घडलं नव्हतं. भाचीला सामान भरायला दोन दिवस मिळाले. शाळा बंद झालेली, मुलींना भेटता येईना. वर्गाची किल्ली बाईंना देताना दोघी दारात दोन हात लांब उभ्या होत्या. न्यू जर्सीला पोचल्यावर तिने आठवडाभर कुणाशी धड बोलणं केलं नाही. तिला वाटत होतं, आपण अर्धवट टाकून आलो, आता सगळं संपलं.

ते संपलं नाही. बाईंनी गुरुवारची वेळ मोबाइलवर चालू ठेवली. ज्यांच्या घरी फोन एकच, त्यांच्यासाठी रात्री. शाळा उघडल्यावर पुन्हा वरचा वर्ग.

तर इंदूरच्या मुली, आता तुझ्या पत्राकडे येते. जायची इच्छा वाईट नाही. वेगळ्या देशातल्या मुलींना आपला देश, आपली भाषा, आपली साधी बस आणि डबा घेऊन शाळेत शिकवायला जाणारी शिक्षिका दिसणं यातही काही आहे. पण जे कुणी तुला बोलावतील त्यांना विचार, की तिथली स्थानिक शिक्षिका कोण आहे? शिबिर आखताना ती होती का, की फक्त भाषांतराला आणि चहापाण्याला? सप्टेंबरात, शाळा सुरू झाल्यावर, या मुलींना कोण भेटणार? तिचं नाव सांगता आलं नाही, तर तो उन्हाळा तुझ्या फोटोंसाठी आहे असं समज. आणि स्वयंसेवक म्हणून काम करायला तुझ्याकडूनच जाडजूड फी मागत असतील, तर ते पैसे कुणाच्या हातात जातात हेही विचार. विचारायला लाजू नकोस. हा प्रश्न विचारता येणं हेच तर त्या शिबिरांत शिकवतात. भाषा येत नसेल तर किमान शे-दोनशे शब्द शिकून जा. मुलींना तुझ्या चुका ऐकून हसू येईल, आणि मग त्याही चुका करायला धजावतील.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तूच द्यायचंस. माझ्या मते तो प्रश्न चुकीचा नाही, आणि तो ऐकून घरी बसावं असंही नाही.

ती परवानगीवाली मुलगी पुढे स्कोप्येला शिकायला गेली. दोन वर्षांनी अशाच एका शिबिरात मदतनीस म्हणूनही होती. त्या गटातली सगळ्यात तडफदार मुलगी, जिने कडीचा अर्ज लिहिला होता, तिचं मात्र अठरा पुरी होताच लग्न ठरलं आणि शिक्षण सुटलं. बाई अजून तिच्या सासरी जातात. परीक्षेचे अर्ज निघाले की एक तिच्या उंबऱ्यावर ठेवून येतात. गेल्या दोन वेळा तो कोराच परत आला.

मागच्या महिन्यात बाईंनी भाचीला एक प्रश्न विचारला आणि भाचीने तो मला पाठवला. तुझ्या मावशीच्या गावातही दोन भाषांच्या शाळा एका आवारात आहेत म्हणतेस, तर तिथे मुलींना एकत्र आणायला काय करतात? मी शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंना फोन केला, त्यांनी त्यांच्या कन्नड माध्यमातल्या मैत्रिणीला केला. येत्या शनिवारी आम्ही तिघी त्याच नळापाशी भेटणार आहोत. बाईंना काय कळवायचं ते त्यानंतर ठरेल.