हळदीचा मोसम आणि सूर्यास्तापूर्वीचे पान

होळी सरते न सरते तोच हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीची आवक वाढू लागते. शिजवून, उन्हात वाळवून, घासून चकचकीत केलेली कांडी पोत्यांतून संत नामदेव हळद मार्केट यार्डात उतरू लागली, की आडत दुकानाचा दिवस संपता संपत नाही. बीट, काटा, हिशेबपट्टी, शेतकऱ्यांचे चुकारे, त्यातच मार्चअखेर. नेमक्या याच काळात परगावचे खरेदीदार मुक्कामाला असतात, महावीर जन्मकल्याणक येते, अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाचे पारणे असते. पाहुण्यांना घरी जेवायला बोलावण्याचे प्रसंग वर्षभर कमी. ते सारे जणू या दोन-तीन महिन्यांसाठी राखून ठेवलेले असतात.

खरेदीदाराला हॉटेलात नेणे सोपे आहे, आणि अलीकडे तेच होते. परंतु लाखो रुपयांचा माल शब्दावर देणाऱ्या-घेणाऱ्या माणसांनी एकमेकांचे घर पाहिलेले असावे, ही जुन्या आडत्यांची धारणा निव्वळ भावनेची नव्हती. घरात बसून जेवलेल्या माणसाशी पुढे दराचा वाद झाला तरी बोलणे तुटत नाही.

अडचण आहे ती वेळेची. हिंगोलीत मार्चअखेरीस सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, मेअखेरीस सातच्या थोडा आधी. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे, अन्न थांबवण्याची रीत आहे, तेथे पाने पाच वाजताच मांडावी लागतात. त्या वेळी काट्यावर पोती चढत असतात. ‘पंधरा मिनिटांत निघतो’ असा निरोप घरी येतो आणि त्या पंधरा मिनिटांत दिवस मावळतो.

पुढे काय घडते, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. पाहुणे आठ वाजता येतात. ते अजैन असतील तर त्यांना रात्रीच्या जेवणाचे काही वाटत नाही. बरोबर आलेले घरचे तरुणही ‘आज पाहुणे आहेत’ म्हणून पानावर बसतात. मात्र दुपारच्या 40 अंशांच्या उन्हात शेगडीपुढे उभी राहिलेली, चौविहाराचा नियम असलेली सासू किंवा सून सर्वांना वाढते आणि स्वतः उपाशी राहते. तिला पाणीही दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयानंतरच. पाहुण्याला याचा पत्ता नसतो. पुष्कळदा यजमानालाही नसतो. नियम तिने स्वतःहून घेतलेला असतो हे खरे, पण त्या रात्रीचा उपवास तिच्यावर काट्याने लादलेला असतो. असे आतिथ्य कितीही थाटाचे असो, त्याला आतिथ्य म्हणवत नाही.

म्हणून मोसमातले निमंत्रण स्वयंपाकघराला विचारूनच द्यावे. ज्या दिवशी बीट नसते, त्या दिवसाचे दुपारचे जेवण सर्वांत उत्तम. संध्याकाळच ठरवायची असेल, तर दुकानातून एका कर्त्या पुरुषाने साडेचारला उठावे. काटा मुनीम सांभाळतो. आणि पाहुणे येवोत वा न येवोत, नियम असलेल्यांची पाने वेळेवर वाढावीत. निमंत्रण देतानाच ‘आमच्याकडे दिवस मावळण्यापूर्वी जेवतात’ असे सांगण्यात संकोच कसला? सांगलीचा काय अन् इरोडचा काय, हळदीचा व्यापारी जैन पेढ्यांशी व्यवहार करतच वाढलेला असतो.

पदार्थही मोजकेच हवेत. उरलेले दुसऱ्या दिवशी चालत नाही, त्यामुळे पंधरा पदार्थांचा घाट म्हणजे नासाडी किंवा धावपळ. गट्ट्यांची भाजी, साधे वरण, भात, गरम फुलके किंवा ज्वारीची भाकरी, तळलेला पापड आणि मे महिना असेल तर आमरस. एवढ्यात तृप्त न होणारा पाहुणा विरळा. कांदा, लसूण, बटाटा नाही याची उणीव जिरे, हिंग आणि साजूक तूप भासू देत नाहीत. कढी करायची असेल तर दही-ताक आधी चांगले तापवून मगच बेसन लावावे, म्हणजे द्विदलाचा दोष येत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नको, तेथे मूगवडी आहेच. पंचांग पाहिल्यावाचून बेत ठरवू नये. चैत्रातील आयंबिलाची ओळी चालू असेल, तर घरातील आराधकांचे जेवण तेल-तूप, दूध-दह्यावाचून, आणि विशेष म्हणजे हळदीवाचून शिजते. दारात हळदीची पोती आणि ताटात हळद नाही, हे पाहुण्याला सांगितले तर तो नक्कीच चकित होतो.

असाच एक प्रश्न पाहुणे हटकून विचारतात: कंदमुळे वर्ज्य, मग हळद कशी चालते? ओली हळद ओल्या आल्याप्रमाणेच वर्ज्य आहे. वाळलेली हळद सुंठीसारखी अचित्त झालेली असते, ती पेरून उगवत नाही, म्हणून ग्राह्य. वसमतच्या ज्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, ती शिजवून-वाळवूनच बाजारात येते. पाच वाजता मांडलेल्या पानावर या विषयाची चर्चा रंगली, तर साडेपाच कधी वाजले ते कळत नाही. अशा वेळी गाळलेल्या, उकळून निववलेल्या पाण्याचा तांब्या फिरवून यजमानीणबाईंनी घड्याळाकडे पाहावे. पाहुणे समजून घेतात.