मरण्याची रीत

ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या सौसर-पांढुर्ण्याकडे कापसाची वेचणी सुरू होते. बोटांना लागणारा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. ती आधी लांबत जाते, मग आतून सेल्युलोजचे थर चढवते आणि बोंड उकलण्याच्या सुमारास मरते. वाळताना तिला पीळ पडतो, म्हणून तर सूत निघतं. हे वेळेवर आलेलं मरण आपण सदरा म्हणून अंगावर घालतो.

२०२५ च्या वेचणीच्या तोंडावर याच मुलखात दुसऱ्या तऱ्हेचं मरण आलं. खोकल्याचं औषध घेतलेल्या लेकरांची लघवी बंद झाली, आईबाप त्यांना घेऊन नागपूरला धावले. वीसहून अधिक मुलं गेली. बहुतेक परासियाच्या बाजूची, पण यादी बैतूल आणि पांढुर्ण्यापर्यंत लांबली. त्या 'कोल्ड्रिफ' सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं ४८.६ टक्के, चालतं ते ०.१ टक्का.

हे द्रव्य यकृतात मोडून डायग्लायकोलिक आम्ल बनतं. ते मूत्रपिंडाच्या नलिकांतल्या पेशींत साचतं आणि त्यांची ऊर्जाच तोडतं. आणि नीट मरायलाही ऊर्जा लागते! केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली ज्याला 'अपॉप्टोसिस' म्हटलं, त्यात पेशी आकसते, डीएनएचे तुकडे करते, स्वतःच्या पुड्या बांधते. शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. ऊर्जा संपलेली पेशी फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडते. हा नेक्रोसिस.

यातलं कोणतं मरण, हे प्रयोगशाळेत रंगांनी ओळखतात. ट्रायपॅन ब्लू हा रंग आवरण फाटलेल्या पेशीतच शिरतो. ती कशी मेली, ते मात्र सांगत नाही. त्यासाठी अॅनेक्सिन लागतं. मरणाची तयारी चालू झाली की आवरणाच्या आतल्या अंगाचा एक मेदरेणू बाहेर येतो, त्याला ते चिकटतं. अॅनेक्सिन चिकटलं पण प्रोपिडियम आयोडाइड हा फाटलेल्या आवरणातूनच शिरणारा रंग आत गेला नाही, तर पेशी शिस्तीत निघाली आहे. दोन्ही दिसले तर पंचाईत: शिस्तीत मेलेली पेशीही शेवटी फाटतेच. म्हणून वेळ बदलून पुन्हा पाहायचं. एका चाचणीवर विसंबणारा हमखास फसतो. बायोप्सीच्या काचेवर ग्लायकॉलचं काम ओळखायला एवढा खटाटोप लागत नाही. फुगलेल्या पेशी आणि विरलेली केंद्रकं डोळ्यांना दिसतात.

पण ही ओळख पटते ती मूत्रपिंड गेल्यावर. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरीननं १४ रुग्ण दगावले; लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. तपासायचं होतं ते कच्च्या मालाचं पिंप, तेव्हाही आणि आताही. 'कोल्ड्रिफ' बनलं त्या तामिळनाडूत २०२५ च्या १ ऑक्टोबरला सिरपचे नमुने घेतले, २ ऑक्टोबरला उत्तर हातात होतं. पहिली मुलं सप्टेंबरातच गेली होती.